विद्युन्नाथांचा न पडणारा खटका

भिलाईच्या नेहरू नगरातल्या सूर्यकांत देवतळे यांच्या फाटकापाशी त्या दुपारी एवढी दाटी झाली होती की, हमरस्त्यावरून आत वळलेल्या एका रिक्षावाल्याने, कोणत्या कोचिंग क्लासचा निकाल लागला, अशी चौकशी केली. निकाल कसलाच लागला नव्हता. सप्टेंबरातला विश्वकर्मा पूजेचा, म्हणजे यंत्रांच्या पूजेचा, दिवस होता, आणि देवतळ्यांच्या पोर्चमध्ये, विजेच्या बोर्डासमोर, श्री विद्युन्नाथ महाराज पाटावर बसले होते. बोर्डाला झेंडूची माळ घातली होती, झाकणावर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती, आणि वर तांब्याचे एक चौकोनी यंत्र टांगले होते. त्यात त्रिकोणात त्रिकोण आणि त्या त्रिकोणात आणखी एक त्रिकोण कोरलेला. शेजारी सूर्यकांतांची नवी विजेवरची गाडी उभी होती. तिच्या बोनेटवरही स्वस्तिक निघाले होते.

“एसी लावा,” महाराज म्हणाले. घरातून कोणीतरी एसी लावला. “गिझर.” गिझर लागला. “इस्तरी, मिक्सर, पाण्याची मोटर, जे जे आहे ते लावा. वीजमातेसमोर संकोच करू नका.” सारे लागले. मग त्यांनी स्वतः चार्जरची जाड केबल उचलली, गाडीच्या तोंडात बसवली आणि डोळे मिटले. गाडीच्या पुढ्यात हिरवा दिवा लुकलुकू लागला. गर्दीने श्वास धरला. बोर्डावरचा मुख्य खटका, जो पूजेपूर्वी याहून कमी भाराने सर्वांदेखत कट्ट करून खाली पडला होता, तो या वेळी आपल्या जागी ताठ उभा राहिला.

“पाहा,” डोळे न उघडता महाराज बोलू लागले, “खटका कावून पडत होता? त्याच्यात अहंकार होता. म्हणे मी इतकंच सोसीन, याच्या पलीकडे नाही. अरे, तू कोण मोजणारा? वीज अनंत आहे. सूर्यात आहे, ढगात आहे, तुमच्या-आमच्या नाडीत आहे. तिले किलोवॅटच्या पिंजऱ्यात कोणी कोंडलं? हापिसातल्या बाबू लोकाईनं. आज आपण पिंजरा उघडला.”

“पिंजरा खुल गया,” शेजारचे भैय्याजी भारावून म्हणाले. ते निवृत्त कंत्राटदार होते, आणि महाराजांना या गल्लीत प्रथम त्यांनीच आणले होते. महाराजांचा आश्रम रसमड्याकडे, कारखान्यांच्या मागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. त्याआधी ते कुठे होते आणि काय करीत होते, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नव्हते. ज्या घरी जावे त्या घरची बोली ते बोलत, देवतळ्यांकडे वऱ्हाडी, आणि बोली आपली निघाली की माणूसही आपलाच वाटतो.

हे सारे सूर्यकांतांची धाकटी बहीण सुमेधा जिन्याच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. ती दुर्गच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि प्रयोगात मुलांनी काय पाहिले यापेक्षा काय पाहिले नाही, याकडे लक्ष देण्याची सवय तिला जडली होती. म्हणून चमत्कारापेक्षा चमत्काराच्या आधीचा थोडासा वेळ तिच्या मनात अडकून राहिला. खटका पडल्यानंतर महाराजांनी बोर्डासमोर लाल पडदा ओढायला लावला होता. जमलेल्यांनी पूर्वेकडे तोंड करावे, डोळे मिटावेत आणि नामाचा गजर करावा, अशी आज्ञा झाली होती. पडद्याआड एकटा शिष्य शालिकराम गेला. हातात कमंडलू, खांद्यावर झोळी. झोळी जड होती आणि तिच्यात काहीतरी लोखंडी वाजत होते. गजर चालू असतानाच पंखे थांबले, घर एकाएकी मुके झाले, आणि काही वेळाने सारे पुन्हा सुरू झाले. “जुनी वीज गेली,” महाराजांनी खुलासा केला, “आता नवी आली.” तेवढ्याने लोकांचे समाधान झाले होते. सुमेधाचे झाले नव्हते.

“आता नियम ऐका,” महाराज म्हणाले. “कारखान्यात आजच्या दिवशी पूजा झालेल्या मशीनले कोणी हात लावते?”

“नाही लावत,” चार-सहा आवाज एकदम उठले.

“तिथं एक दिवस, कारण तिथली पूजा एका दिवसाची. इथली वर्षाची. पुढच्या विश्वकर्मा पूजेपर्यंत हे झाकण कोणी उघडायचं नाही. उघडलं तर यंत्र निघून जाईल, अन् जातांनी घरातून काय घेऊन जाईल, ते मी सांगत नाही.”

या गावाचा स्वभाव ठाऊक असल्याशिवाय ही आज्ञा किती धूर्त होती हे ध्यानात यायचे नाही. भिलाईत घरोघरी कोणीतरी पोलाद कारखान्यात हयात घालवलेली असते. विश्वकर्मा पूजेला यंत्राला फुले वाहावीत आणि त्या दिवशी त्याला हात लावू नये, हा संस्कार नास्तिकाच्याही हाडात मुरलेला असतो. पण त्या रीतीची पहिली पायरी अशी की, आधी यंत्राचा वीजपुरवठा तोडतात आणि मगच त्याला माळ घालतात. महाराजांनी तेवढी पहिली पायरी गाळली. यंत्र चालू, वीज चालू, भार दुप्पट. फक्त हात लावायचा नाही. जन्मभर पुरवठा तोडून, कुलूप घालून, पाटी टांगून मगच पान्याला हात घालणाऱ्या माणसांना ही गाळलेली पायरी दिसली नाही. त्याला आणखी एक कारण होते. ती सारी टाउनशिपच्या क्वार्टरांत राहिलेली माणसे होती. तिथे दिवा गेला की तक्रार नोंदवायची. कोणीतरी येऊन लावून जाई. मंजूर भार, तारेची जाडी, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची ताकद या दुसऱ्या कोणाच्या काळजीच्या गोष्टी असत. निवृत्तीनंतर स्वतःचे घर झाले, तेव्हा वीज ही हवेसारखी असते, एवढेच ज्ञान ते बरोबर घेऊन आले.

कारखान्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेल्या सूर्यकांतांना तरीही मूर्ख म्हणता येणार नाही. त्यांची गरज खरी होती. पोर्चलगतच्या खोलीत त्यांची आई तुळसाबाई असे. फुप्फुसे थकल्यामुळे ती अहोरात्र प्राणवायूच्या यंत्रावर होती, आणि ते यंत्र विजेवर चाले. खटका पडला की यंत्र थांबे आणि कर्कश ओरडू लागे. कोपऱ्यातला सिलिंडर जोडेपर्यंत म्हातारीचे ओठ निळे पडत. अशात सूर्यकांतांच्या मुलाने, अभिनवने, बंगळुरूहून वडिलांना निवृत्तीची भेट म्हणून गाडी पाठवली. गाडी विकणाऱ्यांचा माणूस चार्जर बसवायला आला, त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि अवजारे परत पिशवीत भरली. मंजूर भार अपुरा, भिंतीतली तार बारीक, अर्थिंगचा पत्ता नाही; आधी भार वाढवून घ्या, मीटरपासून वेगळी जाड तार ओढा, मग बोलवा, असे सांगून तो गेला. भारासाठी अर्ज केला, तर गल्लीचा ट्रान्सफॉर्मर आधीच भरला असल्याचे उत्तर आले. नवा बसेल तेव्हा पाहू. तोवर साध्या प्लगवर गाडी लावली की खटका पडे, आणि खटका पडला की आई गुदमरे. अशा माणसाला कोणी येऊन म्हणाला की, खटका यापुढे पडणारच नाही, तर तो त्याच्या पायाशी बसेल, यात नवल ते काय? जाणत्या कारागिराने नाकारलेला तो चार्जर शालिकरामने पूजेच्या सकाळीच भिंतीवर ठोकला, आणि त्याची जोडणी आईच्या खोलीच्या भिंतीतून जाणाऱ्या जुन्या तारेवरच करून दिली.

गर्दी पांगल्यावर सुमेधाने भावाला गाठले.

“दादा, मले एक सांग. तुह्या मिलमध्ये मोटरले ओव्हरलोड रिले होता का नाही? भार वाढला की मोटर बंद पाडणारा?”

“होता ना. सगळ्याच मोटराईले असते.”

“तो ट्रिप झाला की तू काय करत होता? हार घालत होता त्याले?”

“कावून ट्रिप झाला, ते पाहत होतो. तू मले शिकवू नको.”

“अन् कोणी रिलेच बायपास करून मिल चालवली असती तर?”

“सस्पेंड झाला असता. मीच रिपोर्ट दिला असता त्याचा.”

“मग घरी कावून चालते?”

सूर्यकांतांनी गाडीवरून फडके फिरवले. “मिल मिल आहे, घर घर आहे. अन् बायपास केला, हे पाहिलं का तू?”

“पडदा होता. तो कावून होता, तेच विचारून राहिली मी.”

“पूजेत पडदा असतेच. तुले सगळीकडे चोर दिसते, सुमे. पूजा झाल्यापासून आईचं मशीन एकदाही बोंबललं नाही, हे नाही दिसत.”

ते तिला दिसत होते. ती दुर्गला परतली.

हिवाळाभर तांब्याचे यंत्र जागृत राहिले. हिवाळ्यात एसी लागत नाही, पंखे फिरत नाहीत आणि भिंती गार असतात, हे त्या जागृतीचे रहस्य होते. पण श्रेय तांब्याच्या पत्र्याला मिळाले. गल्लीत एकामागून एक बोर्डांना माळा पडल्या. देवतळ्यांचे घर सिद्ध घर म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि नवे यजमान ते पाहायला येऊ लागले. सूर्यकांत त्यांना चहा पाजून चार्जर दाखवीत. ज्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी काही विचारीत नव्हते, त्याला आता लोक विचारू लागले होते.

होळी उलटल्यानंतरच्या एका रविवारी सुमेधा आईच्या उशाशी बसली असताना तिचा तळवा भिंतीला टेकला, आणि तिने तो झटकन उचलला.

“आई, ही भिंत गरम लागते का तुले?”

“लागते ना,” तुळसाबाई नाकातली नळी सावरीत हसली. “बरं वाटते. पाठ शेकते माही.”

प्लगच्या चौकटीची कड पिवळी पडून वाकली होती. खोलीत जळक्या प्लास्टिकचा मंद वास होता आणि त्यावर उदबत्तीचा दाट थर.

“वहिनी, हा वास कधीपासून येऊन राहिला?”

“यंत्राचा गंध आहे म्हणते महाराज,” सिंधुवहिनी म्हणाल्या. “मले नाही सोसत. म्हणून उदबत्ती लावते.”

दुसऱ्या दिवशी सुमेधा वीज कार्यालयात गेली. मीटरच्या अलीकडचे आमचे, पलीकडचे घरमालकाचे, असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरून होते. घरमालकाने लिहून दिले तर माणूस पाठवू, असेही तिथे सांगितले. घरमालकाने लिहून दिले नाही, कारण महाराजांच्या मते अर्ज म्हणजे अविश्वास. भाराचा जुना अर्जही त्यांनी सूर्यकांतांना मागे घ्यायला लावला होता.

तेव्हा तिने ठरवले की, जे करायचे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर, उजेडात करायचे. चैत्र नवरात्रात महाराज जवळच्या उतई गावच्या काही मंडळींना सिद्ध घर दाखवायला घेऊन आले. भैय्याजी होते, शालिकराम होता, गल्लीतली माणसे होती. गाडी चार्जरला लावलेली होती, आणि उकाडा सुरू झाल्यामुळे घरातले दोन्ही एसी चालू होते. सुमेधाने आधी आत जाऊन आईला सिलिंडर जोडला, मग पोर्चमध्ये आली.

“महाराज, एक शंका आहे. हा खटका वर आहे म्हणून घरात वीज आहे ना?”

“बाई, वीज खटक्यानं नसते, कृपेनं असते.”

“बरं. पण खटका खाली ओढला तर ती जाईल. कोणत्याही घरची जाते.”

महाराजांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकले. “हात लावू नका. नियम आहे.”

“नियम झाकण उघडायचा नाही, असा आहे. खटका झाकणाच्या बाहेर आहे,” असे म्हणून तिने तो बोटाने खाली ओढला.

खटका खाली गेला. पंखा फिरतच राहिला. एसी गुणगुणतच राहिले. गाडीचा हिरवा दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत होता.

“पाहा,” ती वर्गात बोलावे तसे सावकाश बोलली. “खटका बंद आहे आणि घर चालू आहे. म्हणजे वीज या खटक्यातून जातच नाही. मागून तिले दुसरी वाट काढून दिली आहे. हा खटका सहा महिन्यांपासून पडला नाही, कारण त्याच्यावर भारच येत नाही. तो नुसता शोभेचा आहे.”

सुमेधाला क्षणभर वाटले, लोकांना उमजले. याहून उघडे प्रमाण तिला सुचू शकत नव्हते. पाचवीतल्या मुलालाही पुरले असते. पण महाराजांनी तोवर स्वतःला सावरले होते. त्यांनी दोन्ही हात जोडून बोर्डाला नमस्कार केला.

“माय,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “तुले आता खटक्याचीही गरज उरली नाही.”

“बंद करने पर भी चालू है,” भैय्याजी पुटपुटले, आणि त्यांनी गुडघे टेकले. त्यांच्यामागे उतईची मंडळी वाकली. एका बाईने पदर पसरला. जे फसवणुकीचे प्रमाण म्हणून मांडले होते, ते लोकांनी पहिल्याहून मोठा चमत्कार म्हणून उचलले.

मग सुमेधाने मीटरखालचा चिनी मातीचा फ्यूज उपसला. घर मुके झाले. आईचे यंत्र किंचाळू लागले. तिने स्क्रू काढून झाकण उघडले, तेव्हा गर्दी मागे सरकली. आत खटक्याच्या वरच्या पेचापासून खालच्या पेचापर्यंत तांब्याचा एक जाड तुकडा कमानीसारखा वाकवून बसवला होता. बाकी काही नव्हते. अनंत वीज, मुक्त झालेली माता, फुटलेला अहंकार, हे सारे त्या बोटभर तुकड्यात होते. शालिकराम मान खाली घालून चपलेने फरशी घासत होता.

“हा तुकडा कोणी बसवला, शालिकराम?”

“महाराज बोले थे, अभिषेक का धातू है,” तो म्हणाला, आणि महाराजांनी एकवार पाहताच गप्प झाला.

तिने तुकडा काढला, झाकण लावले, फ्यूज परत बसवला, खटका वर केला. गाडी आणि एसी चालूच होते. काही वेळ सारे चालले आणि मग कट्ट करून खटका खाली पडला. यंत्र पुन्हा किंचाळले.

“दादा, पाह,” ती म्हणाली, “हा त्याचं काम करून राहिला. तार जळू नये म्हणून पडला हा. गाडी काढ, सगळं चालेल. हायवेवर चार्जिंग स्टेशन आहे, तिथं लाव.”

सूर्यकांत आईच्या खोलीकडे पाहत होते. दारातून तुळसाबाई दिसत होती. सिलिंडरची नळी लावलेली, श्वास नीट चाललेला, पण यंत्राच्या त्या किंकाळीने डोळे विस्फारलेले. त्या आवाजाचा आणि गुदमरण्याचा संबंध तिच्या देहाने कधीच पक्का करून टाकला होता.

“सुमे,” ती म्हणाली, “लाव ते परत.”

“आई, त्याच्यानं आग लागेल.”

“लागेल तवा लागेल. हा आवाज नको मले. लाव, माय.”

सर्वांनी सुमेधाकडे पाहिले. ज्या नजरेने खाटकाकडे पाहतात, त्या नजरेने. तिने स्वतः जाऊन गाडीचा चार्जर उपसला, खटका वर केला, आणि यंत्र सुरू झाले. तांब्याचा तुकडा तिने आपल्या पर्समध्ये टाकला. त्याने काहीही होणार नाही, हे तिला त्याच वेळी कळले असावे. तसले तुकडे शालिकरामच्या झोळीत पुष्कळ होते. काही दिवस सूर्यकांत गाडी हमरस्त्यावर नेत राहिले. लोक विचारीत, काय, यंत्र रुसले का? हा प्रश्न त्यांना आगीच्या भीतीहून कठीण गेला. पाडव्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल पडदा ओढला गेला, आणि त्या दिवशी सुमेधाला घरी बोलावले नव्हते.

वैशाखातल्या एका भर दुपारी, दोन्ही एसी चालू आणि गाडी चार्जरवर असताना, तुळसाबाईच्या उशामागच्या भिंतीतून धूर आला. तारेवरचे आवरण महिनोन्‌महिने आतल्या आत भाजत आले होते. त्या दुपारी ते संपले. गादी पेटली, आणि प्राणवायूने ती क्षणात भडकवली. सूर्यकांत धावत बोर्डापाशी गेले आणि त्यांनी मुख्य खटका खाली ओढला. पंखा फिरत राहिला. त्यांनी तो वर केला, पुन्हा ओढला. भिंतीतून ठिणग्या येतच राहिल्या. वीज थांबवण्याचा त्या घाईत सुचलेला एकमेव उपाय त्यांच्या हातात होता, आणि तो कशालाही जोडलेला नव्हता. मग ते तसेच आईच्या खोलीत घुसले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातांना कातडी उरली नव्हती, आणि आई हाती लागली नव्हती.

सुमेधाने पर्समधला तुकडा ठाण्यावर नेऊन दाखवला. हा आगीच्या दिवशीचा कशावरून, असे पोलिसांनी विचारले, आणि तो खरोखरच त्या दिवशीचा नव्हता; त्या दिवशीचा बोर्डासकट वितळून गेला होता. पंचनाम्यात शॉर्ट सर्किट असे लिहिले गेले. ते खोटे नव्हते, आणि त्याने कोणालाच काही सांगितले नाही.

तेराव्याला महाराज आले. शालिकराम सोबत नव्हता. ते सूर्यकांतांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. मग हलकेच म्हणाले, “झाकण उघडलं गेलं, त्याच दिवशी मी भ्यालो होतो. दुखावलेलं यंत्र परत बसते, पण मनानं बसत नाही.”

“एक आदमी की ज़िद,” भैय्याजी दुसरीकडे पाहत म्हणाले, “और पूरा घर गया.”

माणसे उठून गेल्यावर सुमेधा भावासमोर बसली. त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत होते.

“दादा, तू खटका ओढला होता ना?”

“ओढला.”

“गेली वीज?”

“नाही गेली.”

“मग?”

“तू उघडलं नसतं तर,” तो म्हणाला, आणि वाक्य पुरे केले नाही.

“आईले मी मारलं, असं म्हणून राहिला का तू?”

“मी काहीच नाही म्हणत. तू काही दिवस येऊ नको इकडे.”

तिने वाद घातला नाही. वाद घालण्यात तिचे आयुष्य गेले होते, पण इथे वादाला जागाच नव्हती. तिचे म्हणणे खरे मानायचे तर, आईला कोणी मारले, याचे उत्तर सूर्यकांतांना त्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहून द्यावे लागले असते. महाराजांचे म्हणणे मानले, तर बहिणीकडे पाहून भागत होते. माणूस यांतले काय निवडील, हे तर्कशास्त्र शिकवू शकत नाही.

फाटकाबाहेर पडल्यावर ती गल्लीतल्या माळा घातलेल्या घरांपुढे एकेक करून थांबली. फक्त खटका खाली ओढून पाहा, एवढेच तिचे मागणे होते. एका घरी दार उघडले नाही. एका घरी, पुढची विश्वकर्मा पूजा होऊ द्या, असे सांगितले. भैय्याजींनी आत बोलावून पाणी दिले आणि विषय बदलला. शेवटचे घर निशाचे होते. ती सुमेधाची जुनी विद्यार्थिनी. जवळच्या कोचिंग क्लासात पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि विजेच्या प्रवाहाने तार का तापते, हे मुलांकडून घोकून घेत असे. तिने सुमेधाला बोर्डापाशी नेले, मागे कोणी नाही ना पाहिले, आणि खटका खाली ओढला. आतल्या खोलीतला पंखा फिरत राहिला. दोघी त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“दिसलं मला, मॅडम,” निशा म्हणाली.

“मग काढून टाक आजच. चांगला वायरमन मी पाठवते.”

निशाचे डोळे भरून आले. “मुलाची परीक्षा आहे. मी काढला आणि त्याला काही झालं, तर सासरचे म्हणतील, तूने ही खोला था। आणि मॅडम, खरं सांगू? मीपण म्हणीन.” तिने खटका अलगद वर केला आणि त्यावरचा कुंकवाचा डाग पुसटला होता तो बोटाने नीट केला.

सुमेधा दुर्गला परतली. तिच्या हातून काही झाले नाही, आणि पुढेही होईल असे वाटत नाही. तरी जे सांगायचे ते सांगितलेच पाहिजे. तार तापते ती तिच्या जाडीच्या आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाच्या हिशेबाने. तिसरे कारण तिला ठाऊक नाही. ती श्रद्धा ओळखत नाही, शाप ओळखत नाही, घरात कोण निजले आहे ते ओळखत नाही. खटका पडतो तो आपला अपमान करायला नव्हे. घर आपल्या ताकदीबाहेर ओढले जात आहे, एवढेच तो सांगतो, आणि त्याचे तोंड बांधल्याने घराची ताकद वाढत नाही. तेव्हा हे वाचणाऱ्याने उद्या दिवसाउजेडी आपल्या घरचा मुख्य खटका खाली ओढून पाहावा. पंखा थांबला तर बरे. थांबला नाही, तर गाडी काढावी, एसी बंद करावा, जाणत्या माणसाला बोलवावे, झाकण उघडून घ्यावे आणि आत खटक्याला वळसा घालून जे काही बसवलेले सापडेल ते काढून टाकावे. भीती वाटेल. वाटू द्यावी, आणि भीत भीत का होईना, काढावे.